मांजर शोधणारा माणूस

१२ जून

ताई,

नमस्कार. रागात असलीस तरी नमस्कार घ्यावाच लागतो, तो परत पाठवायची सोय नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि पुढे शुकशुकाट. म्हणून कागद घेतला. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो.

भिंगरी बरी आहे. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तू कदाचित इथपर्यंतच वाचशील. तुझी लेक वेळेवर जेवते, ओला टॉवेल पलंगावर टाकते आणि बाथरूममध्ये तुझ्याकडे लावायची तेवढाच वेळ लावते. लिफ्टच्या कंपनीतली नोकरी चालू आहे. सकाळी डोक्यावर हेल्मेट चढवून निघते, इमारतींच्या लिफ्टा तपासते, संध्याकाळी हाताला ग्रीस लावून परत येते. काही झालेलं नाही. "माझ्या पोरीला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस," असं तू माझ्या दारात म्हणालीस, तेव्हापासून मी रोज संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं वाजेपर्यंत खिडकीशी असते. हे तिला माहीत नाही. तिला वाटतं मी झाडांना पाणी घालते.

तुझं म्हणणं असं की घर सोडायचं तिच्या डोक्यात मी भरवलं. मी फक्त एवढंच विचारलं होतं, "तुला स्वतःला काय हवंय?" हा माझ्या धंद्यातला प्रश्न. घरात वापरायला नको होता.

आणि धंदा तरी काय, हे तुला अजून कळलेलं नाही, ठाऊक आहे मला. शेजारच्या काकूंनाही कळलेलं नाही. दारावर 'एक्झिक्युटिव्ह कोच' अशी पाटी लावली तर त्या विचारायला आल्या की दहावीचं गणित घेता का. आई म्हणायची, "ही लोकांना प्रश्न विचारते, उत्तरंही त्यांच्याकडूनच घेते, मग ही करते काय?" तर मी हे करते. मोठमोठ्या हुद्द्यावरची माणसं असतात. कामात हुशार, पण हाताखालची माणसं त्यांना टरकून असतात, किंवा त्यांच्याकडे कुणी टिकत नाही. अशा माणसाबरोबर मी दर आठवड्याला बंद खोलीत बसते. सल्ला द्यायचा नाही, हा पहिला नियम. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. खोलीत बोललेलं खोलीतच राहतं, हा दुसरा. तो मोडायची मुभा एकाच वेळी असते, कुणाच्या जिवावर बेतलं तर. इतक्या वर्षांत तशी वेळ आलेली नाही.

सध्या एक नवीन साहेब आलेत. कंपनीत दोन नंबरवर आहेत, पहिल्या नंबरची खुर्ची त्यांना द्यायची की नाही यावर वरच्यांचं घोडं अडलंय, कारण त्यांच्या हाताखालची चांगली माणसं एकामागून एक सोडून गेली. मला ते आवडले. मी आले की उठून उभे राहतात, फोन बंद करून खणात ठेवतात, सांगितलेलं मन लावून ऐकतात. असा विद्यार्थी मिळाला की बरं वाटतं. कंपनी कसली ते लिहीत नाही. आमच्यात गुप्तता असते.

तुझी,
छोटी


२९ जून

ताई,

उत्तर आलं नाही. यायचं नव्हतंच.

मागच्या पत्रात मी गुप्ततेचं कारण पुढे केलं. कंपनी लिफ्टची आहे. भिंगरीचीच.

पहिल्याच दिवशी मी हे तिथल्या एचआरच्या बाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काम दुसऱ्या कोचकडे गेलं असतं आणि मी आज हे लिहीत बसले नसते. पण भिंगरीनं हात धरला. "मावशी, प्लीज ओळख दाखवू नकोस. उद्यापासून मी साहेबांच्या मास्तरणीची भाची होईन. माझ्यासमोर कुणी तोंडसुद्धा उघडणार नाही." आडनावं वेगळी, चेहरे वेगळे (ती तुझ्यावर गेलीय). मला ते काम हवंही होतं. दोघी गप्प बसलो.

आमच्या कामाची सुरुवात अशी असते की साहेबांच्या आसपासच्या लोकांना मी एकेकटं भेटते आणि विचारते, यांच्याबरोबर काम करताना कसं वाटतं? मग ते सगळं साहेबांना सांगते. कुणी सांगितलं, ते नाही. आणि नुसतं नाव लपवून भागत नाही. चालीवरून जसा माणूस लांबून ओळखू येतो तसा बोलण्यावरूनही येतो. म्हणून प्रत्येकाच्या वाक्याला इस्त्री मारायची, त्याच्या खास सुरकुत्या काढून टाकायच्या. माझं निम्मं कौशल्य या इस्त्रीत आहे.

कुणाकुणाला भेटायचं ते एचआरच्या बाईंनी ठरवलं आणि त्यात भिंगरी निघाली. आम्ही एका काचेच्या खोलीत परक्यासारख्या समोरासमोर बसलो. ती मला "मॅडम" म्हणाली आणि फसकन हसली. मग बोलायला लागली तशी हसू गेलं.

मागच्या हिवाळ्यात एका जुन्या इमारतीत त्यांची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून घसरत थेट तळाच्या खड्ड्यात जाऊन आदळली. आत एक बाई होती, तिचे दोन्ही घोटे मोडले. ब्रेकचे पट्टे झिजलेले होते. ते बदला, असं भिंगरीनं त्याआधी भर मीटिंगमध्ये साहेबांना सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, पुढच्या तिमाहीत बघू. अपघातानंतर सगळीकडचे पट्टे गुपचूप बदलले गेले आणि त्या लिफ्टला शेवटचा हात लावणाऱ्या मेकॅनिकला घरी बसवलं. त्यानं तेलपाणी केलं होतं, बस. "असंच असतं इथं," भिंगरी म्हणाली. "भांडं फुटलं की साहेब आधी मांजर शोधतात."

ताई, आठवलं ना? आईचं वाक्य. बाबांवरून म्हणायची ती, "भांडं फुटलं की हे माणूस आधी मांजर शोधतं," आणि आपल्या घरात मांजर कधी नव्हतंच. आपल्या घराबाहेर हे मी कुणाच्याच तोंडून ऐकलेलं नाही.

काल मी साहेबांना सगळं सांगितलं. सगळ्या वाक्यांना कडक इस्त्री होती. ते एक सोडून. ते मी जसंच्या तसं म्हटलं. का म्हटलं? कारण ते चपखल होतं, आणि कारण त्या खोलीत, त्या गालिच्यावर, मला आईचा आवाज ऐकावासा वाटला. शिकाऊ कोचसुद्धा करणार नाही अशी चूक मी हौसेनं केली.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. पाणी प्यायले, पेला बरोबर आधीच्याच ओल्या गोलावर ठेवला आणि म्हणाले, "ही म्हण मी कधी ऐकली नव्हती. कोण म्हणालं?"

"नियम तुम्हाला माहीत आहे, सर."

"अर्थात." हसले. मग ते वाक्य त्यांनी एकदा सावकाश स्वतःशी म्हणून पाहिलं, फोन नंबर पाठ करावा तसं.

भिंगरीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

छोटी


१४ जुलै

ताई,

आज रविवार आहे, दुपारची वेळ आहे, भिंगरी आतल्या खोलीत रडून झोपली आहे. तिला मी रडवलं. ते पुढे लिहिते.

साहेबांना मी गृहपाठ दिला होता. दर आठवड्याला हाताखालच्या काही जणांना एकेकटं बोलवायचं, चहा द्यायचा, विचारायचं आणि ऐकायचं. मध्ये शांतता आली तर ती आपण भरायची नाही, थांबायचं. आणखी एक युक्ती शिकवली होती. वाक्य अर्धं सोडायचं. माणसाला अर्धं वाक्य सहन होत नाही, तो ते पुरं करतो, आणि पुरं करताना मनातलं बोलून जातो.

साहेब गृहपाठ इतका सुंदर करताहेत की एचआरच्या बाई मला मिठी मारायच्याच बाकी आहेत. "मॅडम, जादू केलीत! सर स्वतः चहा ओततात!" चहा ओततात, मुलांची चौकशी करतात, आईवडिलांची तब्येत विचारतात. आणि माणूस सैलावला की खिडकीबाहेर बघत म्हणतात, "भांडं फुटलं की…"

आणि थांबतात.

भिंगरी हे रोज घरी येऊन सांगते. स्टोअरकीपर म्हणाला, "झाडू आणायचा, सर." ड्रायव्हर म्हणाला, "बायकोला सांगायचं नाही." डिझाइनच्या बाई म्हणाल्या, "नवीन घ्यायचं, त्यात काय!" भिंगरी नकला करून करून हसली. मी ताट बाजूला सरकवलं. मग तिला सांगून टाकलं, साहेब हे का विचारताहेत आणि हे वाक्य त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलं. "मावशी, तू?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तरी चाललं असतं.

मी काही केलं नाही असं नाही. मंगळवारी साहेबांना विचारलं, "या भेटींमधून तुम्हाला नक्की काय मिळवायचंय?" ते माझ्याकडे बघत गप्प बसले. मी शिकवलेलं गप्प बसणं, हात मांडीवर, नजर सौम्य. भिंतीवरच्या एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, मॅडम?" आणि मी, जी दुसऱ्यांना गप्प बसायला शिकवते ती, पटकन म्हणाले, "छान चाललंय, सर." खुर्चीतून उठले तेव्हा पाठीला ब्लाउज चिकटलेला.

भिंगरीची पाळी गुरुवारी आहे. म्हणून आज जेवण झाल्यावर तिला टेबलाशी बसवलं. मी साहेब झाले. चहा ओतला, चौकशा केल्या, खिडकीकडे बघितलं. "भांडं फुटलं की…" म्हटलं की तिच्या ओठांचा डावा कोपरा वर जातो. तिच्या हातात नाही ते. आजी आठवते तिला. तुझ्यासारखंच, चेहऱ्यावर काही लपत नाही. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा, पुन्हा. पोर रडकुंडीला आली तरी सोडलं नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, तू अगदी त्याच्यासारखी बसतेस." आणि आत निघून गेली.

ताई, तिला थोडे दिवस घरी बोलावून घे. तुला बरं नाही असं कळव. खोटं बोलणं तुला जमत नाही, ठाऊक आहे, पण एक फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, तिच्याशी बोल. तुझ्या एका हाकेवर ती येईल. मला खरंच भीती वाटते.

छोटी


२३ जुलै

ताई,

फोन आला नाही. भिंगरी रोज मोबाइल उताणा ठेवून जेवते.

गुरुवारी तिची पाळी झाली. साहेबांनी ते अर्धं वाक्य टाकलंच नाही. आम्ही ज्याची एवढी तालीम केली ते आलंच नाही. नुसत्या घरच्या गप्पा.

"कुठं राहतेस?"

"मावशीकडे, सर."

"अरे वा. मावशी काय करतात?"

"शिकवतात."

"काय शिकवतात?"

इथं पोर अडखळली. "मोठ्या माणसांना शिकवतात, सर," म्हणाली. साहेब म्हणाले, छान, फार चांगलं काम. ती सुटले म्हणून उठली, दाराच्या मुठीला हात घातला, आणि मागून आवाज आला, "मांजर आवडतं का गं तुला?"

ती वळली. आणि वळताना ओठाचा डावा कोपरा वर गेला असणार. तिला वाटतं गेला नाही. मला माहीत आहे, गेला.

काल सकाळी तिचं काम बदललं. तीच जुनी इमारत, तोच तळाचा खड्डा. शुक्रवारी अकरा वाजता खाली उतरून तपासणी करायची, आणि एकटीनं. ताई, त्यांच्या कामाचा साधा नियम आहे, शिकाऊ पोरांनाही पहिल्या दिवशी सांगतात. खड्ड्यात एकटं उतरायचं नाही. एकानं खाली उतरायचं, दुसऱ्यानं वर दारात उभं राहायचं, म्हणजे लिफ्ट कुणी वरून चालू करू नये. मग दुसरा का नाही? तर म्हणे माणसं कमी आहेत.

मी म्हटलं, जाऊ नकोस.

"नाही गेले तर काम नाकारलं म्हणून काढतील. त्यांना तेच हवंय, मावशी. मला मारायला थोडेच बसलेत ते?"

बरोबर असेल तिचं. मला कळत नाही. हा माणूस दुष्ट आहे की नुसता भ्यालेला आहे, हे ओळखणं माझं काम आहे आणि मला ते ओळखता येत नाही. खुर्ची हातची जाईल म्हणून घाबरलेला माणूस काय करतो आणि काय 'होऊ देतो' यात फार अंतर नसतं. लिफ्ट वरून सुरू व्हायला कुणी दुष्ट लागत नाही. चौथ्या मजल्यावरच्या एखाद्या आजोबांनी बटण दाबलं तरी पुरे. ती म्हणते ती आधी खालचा स्विच बंद करते. करत असेल. घाईत विसरली तर?

शुक्रवारी साडेदहाला माझी बैठक आहे, साहेब, एचआरच्या बाई आणि कंपनीचे अध्यक्ष. शिकवणी कुठवर आली ते सांगायची. तिथं जाऊन मी काय बोलणार आहे ते मला अजून माहीत नाही. शुक्रवारच्या आत तिला फोन कर. हात जोडते.

छोटी


२७ जुलै

ताई,

आधी हे वाच. ती धडधाकट आहे. आत्ता समोर बसून नखं कापते आहे.

हे पत्र कुरिअरनं पाठवते आहे, टपालावर सोडायचा धीर नाही.

काल त्या बैठकीत एचआरच्या बाई साहेबांचं कौतुक करत होत्या. अध्यक्ष म्हातारे आहेत, मान डोलावत होते. साहेब नम्रपणे खाली बघत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा वाजत आले तसं माझ्या कानात शिट्टीसारखं काहीतरी वाजायला लागलं. बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगा ना, प्रवास कसा झाला?"

मी म्हटलं, "ते मांजराचं वाक्य माझं आहे. ते मला कुणीही सांगितलं नव्हतं. माझ्या आईची म्हण आहे, मी मध्ये घुसडली."

ताई, आमच्या धंद्यात हे म्हणजे दुधात पाणी घालण्यापेक्षा वाईट. दुसऱ्याच्या तोंडी आपलं वाक्य घातलं की कोच संपला. वीस वर्षांचं नाव मी एका खोट्या वाक्यात पाण्यात घातलं आणि मला काहीच वाटलं नाही, कारण घड्याळ पुढे जात होतं. पुढचं तर भडाभडा बोलले. "तुमच्याकडची एक मुलगी आत्ता एकटी खड्ड्यात उतरते आहे. तिला थांबवा. ती माझी भाची आहे."

अध्यक्षांची मान डोलायची थांबली. "एकटी? एकटी कशी?"

बाईंनी फोन लावला. तो वाजत राहिला. खड्ड्यात उतरताना फोन वरच ठेवतात, हे मला भिंगरीनंच कधीतरी सांगितलं होतं. ते आठवलं आणि मी टेबलाची कड धरली. मला वाटलं, मी आता तुला काय लिहिणार? मग बाई म्हणाल्या, "हं, हॅलो, कुठं आहेस तू?" तिचा एक पाय शिडीवर होता. वर ये, म्हणाल्या. ती वर आली.

साहेब तोवर गप्प होते. हात मांडीवर, नजर सौम्य. मग माझ्याकडे बघून हसले. "म्हणजे मांजर तुम्ही होतात तर, मॅडम."

अध्यक्ष हसले. बाई सुटकेनं हसल्या. आणि ताई, मीसुद्धा हसले! एवढी घाबरले होते की सगळे हसताहेत म्हणून हसले. एकटीला पाठवणं ही 'नियोजनातली चूक' ठरली. माझं काम तिथंच संपलं, आमच्या संघटनेकडे तक्रार जाईल, माझी पाटी बहुधा उतरेल. काकूंच्या मुलाचं गणित घ्यावं लागणार.

घरी येताना मी मनात खूश होते. पोर वाचली, नोकरी वाचली. साहेबांना मांजर मिळालं, आता ते शोधणार नाहीत. भिंगरीला सगळं सांगितलं. वाटलं गळ्यात पडेल. ती हेल्मेटचा पट्टा उलगडत बसली.

"तू मांजर झालीस, मावशी," ती म्हणाली. "पण भांडं कुणी फोडलं ते राहिलंच."

तो मेकॅनिक अजून घरीच बसलाय. अपघाताच्या चौकशीत त्याचंच नाव आहे. आणि तुझी लेक येत्या गुरुवारी सरकारी लिफ्ट निरीक्षकाच्या कचेरीत जाऊन सांगणार आहे की पट्टे बदला असं तिनं साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं होतं. वेळ घेऊन ठेवलीय. मीटिंगमधले सगळे 'आम्हाला आठवत नाही' म्हणतील. नोकरी जाईल. एवढ्यावर भागलं तर नशीब. तपासणी तिच्याकडे होती, उलट तिलाच विचारतील, लिफ्ट चालू कशी ठेवलीस? पुढचं मांजर तीच.

माझे सगळे प्रश्न मला पाठ आहेत. असा निर्णय घेणाऱ्या माणसाला काय काय विचारायचं ते झोपेतही सांगेन. एकही विचारला नाही. मी म्हटलं, "नको जाऊस. मला भीती वाटते." इतक्या वर्षांतला माझा पहिला सल्ला.

"मलाही वाटते," म्हणाली आणि ड्रेस इस्त्रीला टाकून आली.

आता तुला बोलाव म्हणत नाही. ती येणार नाही. मी तिला काही होऊ देणार नाही असं तुला दारात सांगितलं होतं. आता काहीतरी होणार आहे आणि ते मला थांबवता येत नाही. तोंड दाखवू नकोस म्हणालीस तर दाखवणार नाही. पण कळवल्याशिवाय राहवलं नाही.

छोटी


३० जुलै

छोटे,

पत्र पोचायला वेळ जाईल म्हणून हे मोबाइलवर लिहून पाठवते आहे. एका बोटानं टाइप करते, चुका काढत बसू नकोस.

पाचही पत्रं वाचली. एकही फाडलं नाही. काल आलेलं दोनदा वाचलं.

तुझी एक चूक आहे. आई ते बाबांना म्हणायची नाही. बाबा बिचारे, त्यांनी जन्मात कुणाला दोष दिला नाही. साखरेची काचेची बरणी माझ्या हातून फुटली होती आणि मी तुझं नाव सांगितलं होतं. तू तेव्हा जेमतेम चालायला लागली होतीस. तेव्हापासून आई ते मला म्हणायची, माझ्याकडे बघून. बाबा शेजारी बसलेले असायचे म्हणून तुला वाटलं त्यांनाच. की तुला ठाऊक होतं आणि माझं मन राखायला त्यांचं नाव लिहिलंस? तसंही असेल, तू पहिल्यापासून तशीच.

भिंगरी माझ्याशी भांडून गेली, छोटे. तू नेली नाहीस. तिच्यासाठी मी ठरवलेलं तिला नको होतं, एवढंच. मी घरभर मांजर शोधलं आणि तुझ्या दारात येऊन सापडलं म्हणून ओरडले.

तिला जाऊ नको म्हणायला मी फोन हातात घेतला होता. तीनदा घेतला. मग ठेवला. जी पोर शिडीवरून वर आल्यावर आधी त्या मेकॅनिकचा विचार करते तिला मी काय सांगू? पण कालपासून जेवणावर वासना नाही.

उद्या संध्याकाळच्या गाडीनं येते आहे. तिला आत्ताच सांगू नकोस, रडेल आणि गुरुवारी डोळे सुजलेले दिसतील. तूच लिहिलंस ना, एकानं खाली उतरायचं आणि दुसऱ्यानं वर दारात उभं राहायचं. ती त्या निरीक्षकासमोर जाऊन बोलेल तेव्हा कचेरीच्या दारात मी उभी राहीन. तू माझ्याजवळ थांब. मला एकटीला उभं राहवणार नाही.

ताई